बेलिफमामांचा पंप

बेलिफमामा कायदा कुजबुजत सांगायचे. क्रिकेटचा स्कोअर सांगताना आवाज पार बंदरापर्यंत जायचा, आणि मूलभूत हक्क आला की तोच आवाज एकदम खाली. आधी दोनदा खाकरायचं, मग "असं आहे बघ", मग पडक्या दातातून बारीक शिट्टी. मी नकला करणारा माणूस, हेडसरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत कुणाला सोडलं नाही. पण मामांची कुजबुज जमायला मला दोन वर्षं लागली.

अलिबागच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं समन्स बजावली आणि मग रेवदंड्याच्या अलीकडे, आमच्या गावात, नारळी-सुपारीच्या वाडीत येऊन राहिले. समन्स घेऊन गेले की दारात कुणाचं नाव पुकारायचे नाहीत. आधी पाणी मागायचे, ओटीवर टेकायचे, शेजारी आत गेला की मग कागद काढायचे. "सही कोर्टाला पाहिजे, तमाशा नको," म्हणायचे.

निकाल वाचायचं वेड रिटायर झाल्यावर लागलं. माझं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं तो निकाल त्यांनी माझ्याकडून छापून घेतला. पाचशेच्या वर पानं. मी म्हटलं, मामा, एवढ्या कागदात माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिका झाल्या असत्या. तर म्हणे, तिने कुणाशी लग्न करायचं ते तिचं ती ठरवेल, असाही निकाल आहे, तोही काढ.

अडलेली माणसं त्यांच्याकडे यायची. आमच्यासारख्याचं कोण ऐकणार, असं कुणी म्हणालं की मामा सांगायचे, "घटनेत तुझं पण नाव आहे. जागा पुरली नाही म्हणून नुसतं 'कोणतीही व्यक्ती' छापलंय."

कुणी आतलं काही बोलायला आलं की मामा आधी वाडीचा पंप चालू करायचे. त्या खडखडाटात पलीकडच्याला काही ऐकू जायचं नाही. पोफळींना पाणी जास्त झालं की आम्ही म्हणायचो, गावात भानगडी वाढल्यात.

एक दिवस लाईट गेली होती, पंप बंद. नवरा-बायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालेल, असा निकाल आला होता, तो छापून मी घेऊन गेलो. ओटीवर एक बाई बसली होती. (तिच्याबद्दलच्या दोन गोष्टी मी इथे मुद्दाम बदलून लिहितोय.) मामांनी मला मागच्या पडवीत चहा घ्यायला पाठवलं. चहा मी घेतला, कान मात्र ओटीकडे. तिचा नवरा गल्फला. त्याने तिचे फोन टेप केले होते. त्यात ती कुणा दुसऱ्याशी हसून बोलत होती. हे कोर्टात चालंल का, एवढंच तिला विचारायचं होतं. मामा म्हणाले, कोर्ट ते ऐकेल, पण ऐकणं वेगळं आणि मानणं वेगळं. तुझंही ऐकावं लागेल.

शिमग्याला आमच्याकडे सोंगं निघतात. धुळवडीच्या दुपारी मी देवळासमोर मामा झालो. त्यांची कुजबुज माईकवर. नाव मी कुणाचं घेतलं नाही, पण गल्फ म्हटलं, फोन म्हटलं, आणि हशा वाढला तसं तिचं हसणंही हसून दाखवलं. हसणं मला हुबेहूब जमतं. सगळ्या माना एकाच घराकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी रेवसला निघून गेली. निम्मं गाव म्हणालं पोराने रचलं, निम्मं म्हणालं बेलिफानेच सांगितलं असणार. मामांच्या ओटीवर यायचं सगळ्यांनी बंद केलं.

आठवड्याने मी गेलो. म्हटलं, देवळासमोर उभा राहून सांगतो, मामा काही बोलले न्हाईत, मीच चोरून ऐकलं.

"म्हणजे ते खरं होतं, हे तू सगळ्यांना सांगणार," मामा म्हणाले. "आत्ता निम्म्या गावाला वाटतंय तू रचलंस. तेवढा आडोसा तिला राहू दे. माझं नाव धुवायला तिला परत बाहेर काढू नको."

तू चोरून ऐकलंस, मी बोललो नाही, एवढं फक्त तिला जाऊन सांग, म्हणाले. मी रेवसला गेलो. तिने दारातच उभं राहून सगळं ऐकलं.

"आवाज त्यांचाच होता रं," ती म्हणाली. "मला वाटलं, कुठंतरी बोलून गेले. आता काय, तुझं कौतुक करू?"

गणपतीच्या आधी मामा गेले. शाळेच्या वर्गात शोकसभा झाली. आमचे जुने सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले, माणूस लाखमोलाचा, कायदा तोंडपाठ. "फक्त एक होतं, पोटात काय राहायचं न्हाय." चारपाच जण हसले, प्रेमानेच. ती रेवसहून आली होती, बायकांत बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी सतरंजीकडे बघत गप्प बसलो. मामांनी सांगितलं होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगतो. पण गप्प बसणं मला सोयीचंही होतं.