हजार मीटरवरचा श्वास

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातून व्हेरकोरच्या पठारावर जाणारी बस गिलेन रेपेलें अकरा वर्षं चालवत होती. जानेवारीत शहरातून निघताना समोरच्या पट्टीवर तापमान उणे तीन असायचं. घाटातल्या सातव्या वळणावर धुकं एकदम संपायचं, डोळ्यांवर ऊन यायचं आणि आकडा अधिक सहावर जायचा. वर गेलं की थंडी वाढते, असं ती शाळेत शिकली होती. रस्ता दर हिवाळ्यात उलटंच सांगायचा.

त्या वळणावरून मागे पाहिलं तर तीन डोंगररांगांमध्ये बसलेलं शहर दिसतच नसे. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा राखाडी थर तेवढा दिसे. थंड हवा जड, ती तळाशी बसते. वरची उबदार हवा तिला उठू देत नाही. मग शेगड्यांचा आणि गाड्यांचा धूर आठ-आठ दिवस तिथेच मुरतो. त्या धुरात, तिसऱ्या मजल्यावर, तिचा नवरा लुसियें खोकत बसलेला असे. चाळीस वर्षं गिलावा करून निवृत्त झालेला माणूस, त्यात दमा.

एका रविवारी तिने त्याला बसमध्ये घालून वर नेलं. डॉक्टरांनी दिलेल्या प्लास्टिकच्या नळीत तो सकाळ-संध्याकाळ फुंकायचा. छाती जितकी मोकळी, तितका काटा पुढे सरकतो. घरी काटा तीनशेवर अडला होता. वर, उन्हातल्या बाकावर, तो तीनशे ऐंशीवर गेला.

"परत फुंक," गिलेन म्हणाली.

"अगं, नळी आहे, तुतारी नाही," लुसियें म्हणाला, पण फुंकलं. तीनशे नव्वद.

मे महिन्यात त्यांनी शहरातला फ्लॅट विकायला काढला. पठारावरचे मेंढपाळ सेराफें ग्लेना यांच्या दिवंगत बहिणीचं घर रिकामं होतं. विक्रीच्या सह्या सप्टेंबरमध्ये करू, तोवर राहून बघा, असं म्हातारबुवांनी सांगितलं.

जुलैत आभाळ निळंशार, धूर औषधालाही नाही. आणि काटा दोनशे नव्वदवर.

"कापलेल्या गवताचा त्रास," लुसियें म्हणाला.

"गवताचा कसला? मी ऐंशी वर्षं गवतातच आहे," सेराफें म्हणाले. "शहरी छाती हो ही. चांगली हवा पचत नाही तिला."

गिलेनला ते पटेना. गवत कापून झालं तरी काटा हलला नाही, आणि रात्री गारवा आला तरी छाती मोकळी होत नव्हती. तिने लुसियेंला दोन रात्रींसाठी खाली फ्लॅटवर आणलं. खाली उकाडा इतका की त्याने तिला शिव्या घातल्या. तिसऱ्या सकाळी काटा तीनशे पन्नास. वर नेलं, पुन्हा दोनशे नव्वद.

जेवणाच्या सुटीत ती शहरातल्या हवा मोजणाऱ्या कार्यालयात गेली आणि काट्याचे आकडे सांगितले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "किती उंचीवर राहता?"

"हजार मीटर."

"मग बरोबर. उन्हात गाड्यांच्या धुरापासून ओझोन बनतो, तो छातीला बाधतो. दुपारी दरीतला वारा तो डोंगरावर चढवतो. शहरात रात्री ताजा धूर त्या ओझोनला खाऊन टाकतो. वर खायला कोणीच नाही, म्हणून तो रात्रभर राहतो."

"म्हणजे खालचा धूरच खालच्या लोकांना वाचवतो?"

"रात्रीपुरता. तेवढंच त्याचं पुण्य."

गिलेनने हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. संध्याकाळी तिने फ्लॅटची जाहिरात काढून टाकली आणि सेराफेंकडे गेली. सह्या होणार नव्हत्या. घर नोव्हेंबर ते मार्च भाड्याने हवं होतं.

म्हातारे चिडले. "उन्हाळ्यात इथे यायला लोक रांग लावतात, बाई! हिवाळ्यात कोण येतं?"

"तेच म्हणते मी. उन्हाळ्यात त्यांना द्या. हिवाळ्यात रिकाम्या घराचे नळ गोठून फुटतात, ते कोण बघतं?"

त्यांनी हातातली टोपी फिरवली आणि होकार दिला. गेल्या वर्षी दोन नळ फुटले होते.

लुसियेंला मात्र ही ये-जा मान्य नव्हती. "मी काय सुटकेस आहे? माणसाला एक घर असावं." तो आठवडाभर तिच्याशी नीट बोलला नाही. ऑक्टोबरअखेर शहरावर पहिलं झाकण बसलं. चार पायऱ्या चढून तो कठड्याला धरून उभा राहिला. त्या रात्री त्याने स्वतःच खोकी भरली.

दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये पुढच्याच सीटवर बसला. वळणं संपल्यावर बस थांबली. कुरणांवरून उतरणाऱ्या मेंढ्यांनी अख्खा रस्ता भरला होता. मागे सेराफें. त्यांनी काठीने काच वाजवली.

"बाई, उलट्या निघालात! पहिल्या बर्फाआधी सगळे खाली येतात!"

लुसियेंने काच खाली केली. "तुमच्या मेंढ्यांना दमा नाही, काका."

"नाही. पण तुमच्यापेक्षा त्या कमी कुरकुरतात," सेराफें म्हणाले आणि कळप बाजूला घेतला.

गिलेनने गिअर टाकला.