पहिली सूचक

इस्त्रीवाल्या मावशीच्या तोंडी लागू नये, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी. टेबलावर लोकांचे कपडे, टेबलाखाली चिमूट पक्षाचे कागद. पक्षाचं खरं नाव लांबलचक, पण मतंच एवढीशी, म्हणून लोक चिमूट पक्ष म्हणत. राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार द्यायचा तर मोठ्या पक्षांना काही लागत नाही. छोट्यांना वीस हजार मतदारांच्या सह्या लागतात. त्यातल्या अकराशे एकट्या मावशीनं आणलेल्या. घडी घातलेले कपडे पोचवायचे आणि दारातच सही मागायची.

शिव्याही दारातच मिळत. मागच्या खेपेला दोन मोठ्यांपैकी एक जण थोडक्यात पडला आणि चिमूट पक्षाची मतं त्या फरकाहून जास्त निघाली. तेव्हापासून शाळामास्तर तिला ऐकवी, "तुमच्या चिमटीनं आमच्या ताटात माती कालवली!"

"तुमचा माणूस धड असता, तर लोक आमच्याकडं कशाला आले असते? धरा शर्ट. कॉलर ताठ केलीय, कण्याचं तुमचं तुम्ही बघा."

या खेपेला पक्षाचा पुढारी स्वतः उभा राहिला आणि मावशीला त्यानं पहिली सूचक केलं. म्हणजे अर्जावर त्याच्या सहीखाली पहिली सही तिची. राबणारी बाई, फोटो झकास येतो. फोटो काढला, छापला आणि बाईला विसरले.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, तिचा जावई धापा टाकत आला. तो पक्षाचा चिटणीस. मागोमाग लेक.

"आई, इथं सही करा. पटकन."

मावशीनं इस्त्री उभी केली आणि कागद वाचला. पुढारी माघार घेत होता. "कुणासाठी?"

"दोन मोठ्यांपैकी एका पक्षाला पाठिंबा देतोय आपण. साहेबांना मंत्रिपद आहे. माझंही एका मंडळावर होतंय."

"मग त्यानं केलीय की सही. माझी कशाला?"

जावई घुटमळला. "पहिल्या सूचकाचीही लागते, असा नियम आहे. आमच्या ध्यानातच नव्हतं. पाचला कार्यालय बंद होतं."

"ध्यानात नव्हतं? फोटोपुरतं थोबाड पाहिजे होतं, बाईला हात असतो हे विसरलात होय?"

"राजकारणात थोडं मागंपुढं करावं लागतं, आई."

"अकराशे दारं झिजवली मी, जावईबापू. एकानं तर अंगावर कुत्रं सोडलं. लोकांनी तुमचं तोंड बघून नाही दिल्या सह्या, माझ्या शब्दावर दिल्या. त्या नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधता?"

लेक रडकुंडीला आली. "आई, आमच्या संसाराकडं बघ ना गं."

"तुझ्या संसाराला काय धाड भरलीय? खुर्ची मोडतेय, ती तुझ्या नवऱ्याची."

जावयानं फोन लावून तिच्या कानाला धरला. पलीकडं पुढारी. "ताई, जरा मोठा विचार करा."

"बावीस वर्षं तोच केला, मेल्या. तूच लहान निघालास."

तिनं इस्त्री उचलली आणि पुढची पँट घेतली. साडेचार झाले, पावणेपाच झाले. जावई आधी हात जोडत होता, मग ओरडायला लागला. पाच वाजले तसा तो उठला. "आजपासून तुमचा-आमचा संबंध संपला." लेक त्याच्यामागं गेली, वळूनही बघितलं नाही. मावशीनं पँटची घडी तीनदा घातली, तीनदा मोडली.

पुढाऱ्याचं नाव मतपत्रिकेवर राहिलंच. तो त्या मोठ्या पक्षाच्या मंचावर उभा राहून ओरडत होता, मला मत देऊ नका. आणि मावशी कपडे घेऊन दारोदार तेच मत मागत होती.

मास्तर खदाखदा हसला. "त्या पळपुट्याला मत देऊ म्हणता?"

"तो गेला खड्ड्यात! नाव छापलंय ना? त्याच्यापुढं शिक्का मारा. असं विकलं जाणं किती जणांना खपलं नाही, ते सरकारलाच मोजू दे."

मास्तरानं कपडे घेतले. मावशीनं शेजारच्या दाराची कडी वाजवली. अजून हजारावर दारं बाकी होती.