चौथा नियम

आफ्रिकेत आमची बटालियन शांतिसेनेत होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. नऊ जवान, एक चेकपोस्ट, एक वायरलेस सेट. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्चावर, ०६०० ला बॅरियर उघडायचा, १८०० ला बंद. झडतीचे नियम मी स्वतः लिहून भिंतीवर लावले होते. चौथा नियम : लहान मुलांची झडती नको. बाजाराच्या दिवशी रांग लांबायची, लेकरं रडायची, म्हणून.

गेल्या महिन्यात औशाच्या एका शाळेत गेलो. आठवीची मुलं बालसैनिकांबद्दल फेरी काढणार होती, सोबत पथनाट्य. तालमीत एकाने लाकडी रायफल माझ्यावर रोखली. मी झटकन भिंतीआड सरकलो.

"काका, लाकडाची हाय! भ्यालात का?" पोरं हसली.

"हाव, भ्यालो. खाली कर अगोदर."

मग सांगितलं.

बाजाराचा दिवस, १०४०. दहा-अकरा वर्षांचा मुलगा डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आला. बॅरियरवर नाईक युनूस होता, आपल्या देवणीचा. नियमाप्रमाणे त्याने मुलाला सोडलं. पाच पावलांवर मुलाने मोळी टाकली. आत रायफल होती.

त्याने ती उचलून आमच्यावर रोखली, बोट ट्रिगरवर. तो आमच्याकडे कमी, मागच्या झाडीकडे जास्त बघत होता. पाठवणारे तिथे होते. माझा नेम त्याच्या छातीवर होता.

"हवालदारसाब, फायर नका करू. माझ्या अन्वरएवढं लेकरू हाय ओ." युनूसने रायफल जमिनीवर ठेवली, रिकामे हात दाखवले. "बैठ जा, बेटा."

मुलाला हिंदी कुठून कळणार?

"युनूस, पीछे हट!"

मुलाच्या रायफलीतून एक राउंड सुटला. युनूस पडला.

मुलाने रायफल फेकली आणि आमच्याच दिशेने पळाला. झाडीतून गोळ्यांचा बर्स्ट आला, त्याच्या पाठीत.

मी वायरलेस उचलला. "कंट्रोल, दो कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स भेजो. ओव्हर."

ॲम्ब्युलन्स १११५ ला पोचली. उशीर झाला होता.

लाकडी रायफलवाल्याने विचारलं, "तुमी गोळी न्हाईच झाडली?"

"न्हाई."

"झाडली असती तर युनूसकाका वाचले असते?"

"कदाचित."

युनूस गेला त्याच संध्याकाळी मी चौथा नियम खोडला होता. दुसऱ्या दिवसापासून लेकरांची झडती सुरू झाली. माझ्यासमोर ती हात वर करून उभी राहायची. काहींची चड्डी ओली व्हायची.

फेरीत मुलांनी एक फलक धरला होता. मजकूर त्यांनी माझ्याकडून तपासून घेतला होता. नाईक युनूस, वय एकतीस, देवणी. त्याखाली : एक मुलगा, वय अंदाजे अकरा. नाव कुणी विचारलं नाही.