जायलोसीचा बंद न होणारा रेडिओ

आईला मातीला न्यायची तयारी चालली होती, बायका रडत होत्या आणि आमच्या ओसरीवर तो मेला रेडिओ साबणाच्या जाहिरातीचं गाणं म्हणत होता.

त्याला गप्प करणं म्हणजे शिक्षा. बटणच नव्हतं. डेड्झा शहराच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या फेनियासीने 'दुरुस्ती' म्हणून बटण काढून तारेला तार जोडून दिलेली. तेव्हापासून आधी पाठीवरच्या सायकल-ट्यूबच्या पट्ट्या सोडायच्या, मग झाकण काढायचं, मग घट्ट बसलेले चार सेल खिळ्याने उकरायचे. माझा नवरा जायलोसी पहाटे सेल घालून रेडिओ सुरू करून सायकलवर माणसं वाहायला निघून जायचा. मी शेतावर निघताना खिळा घेऊन बसायचे. सेल काय झाडाला लागतात?

"चालू ठेवून का जातोस रे?"

"राहू दे. तुझं काय खातो तो?"

समोरच्या घराच्या दारात बसलेली आईही म्हणायची, "राहू दे गं." जावयाची बाजू घेते म्हणून माझं डोकं फिरायचं. दर आठवड्याला तो पट्टीचा एक वेढा वाढवायचा. कधी मी जिंकायचे, कधी तो. कधी मी चिडून तसंच सोडून जायचे.

आई गेली त्या पहाटेही, ती जायच्या आधी, त्याने रेडिओ लावलेला होता. मग रडारडीत तो बंद करायचं कुणाला सुचतंय! जायलोसी शवपेटीच्या फळ्या आणायला गेला होता. मयताच्या अंगणात असला धिंगाणा? मामा काठी आपटत उठले. आमच्यात नवरा बायकोच्या गावात राहतो, तोही बायकोच्या मामांनी ठेवून घेतला तरच.

"झेलिफा, तुझा नवरा लाज कोळून प्यायला का? येऊ दे त्याला. चटई उचलून आपल्या आईच्या गावाला चालता हो म्हणावं."

भांडले असेन रोज, पण नवरा मला हवा होता. धावत जाऊन पट्ट्या ओढल्या. नख तुटलं, रक्त आलं, सेल हलेनात. पुरुषांतून फेनियासी उठून आला आणि त्याने खिळा हातात घेतला.

"तुझ्यामुळे माझा संसार मोडतोय!" मी ओरडले. "एक बटण बसवता आलं नाही तुला?"

"बाई, बटण धड होतं. तुझ्याच नवऱ्याने काढायला लावलं."

"कशाला?"

"म्हणाला, बायको जाताना बंद करून जाते. म्हातारीची बोटं आखडलीत, तिला बटण फिरवता येत नाही. दिवसभर एकटी बसते. मी तर तिच्या दारात जाऊ शकत नाही. असं कर, की कुणाला तो सहज बंद करता येणार नाही."

शेवटचा सेल निघाला. गाणं तुटलं. आमच्यात सासूच्या दारात जावई पाऊल ठेवत नाही, तिच्या माणसांपुढे तिचा विषयही तोंडी घेत नाही. मामांनी काठी खाली ठेवली.

वळणावर जायलोसी सायकलवरून उतरला आणि मान खाली घालून फळ्या लादलेली सायकल ढकलत आला.

"जावई," मामा म्हणाले, "माझ्याजवळ बैस."

मी त्याला गाठलं. "बोलला का नाहीस रे मेल्या?"

"त्यांचं तुझ्यापाशी कसं बोलणार?"

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता, पण काढणार कुणावर? हातात चार सेल होते. जितक्या सकाळी मी जिंकले, तितके दिवस आई त्या दारात मुक्याने बसून होती.