रुख्मिणी सिस्टरची रात्र

मिनल चिडली की हळू बोलते. त्या दिवशी सदर भागातल्या ऑफिसात ती इतकी हळू बोलत होती, की जितेंद्रला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"तपासलं कसं होतं तू?"

"तारखा जुळवल्या ना. सगळ्या जुळल्या."

"कोणत्या नोंदी घेतल्या?"

"ओपीडीच्या."

"म्हणजे दिवसाच्या. दवाखाना रात्री बंद राहते काय?"

एका खासगी रुग्णालयाच्या नोंदी त्यांच्या कंपनीने नुकत्याच जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवल्या होत्या. जुन्यात भारतीय वेळ होती. नव्या डेटाबेसने ती जागतिक वेळेत बदलून घेतली, म्हणजे साडेपाच तास मागे नेली, आणि पडद्यावर दाखवताना परत पुढे आणलीच नाही. सकाळची तपासणी पहाटेची झाली, तरी तारीख तीच राहिली. रात्री दोनचं इंजेक्शन मात्र आदल्या संध्याकाळी साडेआठला जाऊन बसलं.

ते दिलं होतं रुख्मिणी सिस्टरने. तिची ड्यूटी नऊला लागते. हजेरीचं मशीन वेगळं, त्यातली वेळ बरोबर. रुग्णालयाने अर्थ काढला की बाई यायच्या आधीचं इंजेक्शन, म्हणजे नोंद खोटी. नोटीस दिली आणि चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं.

"एवढी काहून तापून राहिली वं?" जितेंद्र म्हणाला. "सगळ्यात साडेपाच तास वाढवून टाकतो. चहा येईपर्यंत होते."

"सगळ्यात? हलवल्यानंतरच्या नोंदी दवाखान्यातले थेट नव्यात भरून राहिले, भारतीय वेळेनं. त्या बरोबर आहेत. त्याही ढकल पुढे. मग आणखी एक सिस्टर बसव घरी."

मिनलने आधी डेटाची एक प्रत काढली, तिच्यातल्या फक्त हलवलेल्या नोंदी दुरुस्त केल्या, रात्रीच्या नोंदी जुन्या डेटाबेसशी ताडून पाहिल्या आणि मगच खऱ्या डेटाला हात लावला.

"झालं ना?" जितेंद्र म्हणाला. "आता गुपचूप राहू. क्लायंट जाईन हातचा."

"गुपचूप राहिलं तर बाई खोटीच राहते. चल, ऊठ. गाडी मी चालवते."

रुग्णालयाचे व्यवस्थापक मधुकरराव ऐकून घेत हसले. "असं होय! मग उद्यापासून या म्हणावं त्यांना."

"म्हणावं?" मिनल म्हणाली. "नोटीस तुम्ही दिली. बोलवा त्यांना, तुम्हीच सांगा."

तासाभराने रुख्मिणी आली. साध्या साडीत, रिक्षाने. मधुकरराव म्हणाले, "जरा तांत्रिक अडचण होती, सिस्टर."

"अडचण नाही," जितेंद्र खाली बघत म्हणाला. "चूक माझी आहे, ताई. रात्रीच्या नोंदी मी पाहिल्याच नाही."

रुख्मिणीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"साहेब, पेशंट वॉर्डातच होता. त्याले काहून नाही विचारलं? मले तरी विचारायचं. सरळ नोटीस."

मधुकररावांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिने तो बाजूला केला.

"नोटीस लेखी होती, तर हेही लेखी द्या. सही-शिक्क्यानं. खाली नोटीस बोर्डावर लावा. तिथं सगळ्यांनी वाचलं होतं माझं नाव."

"बघतो उद्या..."

"मी बसून राहते इथंच," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मिनलने तिच्या शेजारची ओढली.