नंदी टेकडीवर चढला तो दिवस

ब्रह्मदेशच्या लढाईतून मी धडधाकट परत आलो, त्याचं श्रेय कुणाला द्यायचंच झालं तर मी माझ्या दोन हातांना देत असे. गुडघाभर चिखलातून लष्करी गाड्या हाकल्या, पूल वाहून गेले तिथून वाट काढली, आणि हे सारं मी केलं, असं माझं म्हणणं. माझी बायको सखू वेगळंच सांगायची. मी लढाईवर असताना तिनं महाळुंग्यात चार वर्षं एकटीनं काढली होती. गावाबाहेरच्या टेकडीवर महादेवाचं जुनं देऊळ आहे. तिथल्या नंदीचं तोंड कधीकाळी फुटलं होतं. ‘धनी परत आला तर तुझा नंदी नवा करीन,’ असा नवस ती बोलली होती. मी तिला दुखवत नसे, पण मनातल्या मनात हसत असे. सोमवारी ती टेकडी चढायची आणि मी अंगणात माझ्या जीपखाली शिरायचो.

ती जीप लढाईत वापरून झालेली, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. तिच्यामागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलाही मी मिळवला होता. कांद्याची पोती भरून चाकणच्या बाजारात न्यायची, हा माझा धंदा. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा सखूच्या नवसाला सारा गाव येऊन मिळाला. तळेगावच्या एका पाथरवटानं काळ्या दगडाचा नंदी घडवला, बारा मणांचा. गावकऱ्यांनी श्रमदानानं टेकडीवर गाडीवाट काढली. पण वाट उभी, आणि अर्ध्यावर एक असं वळण की तिथे कुणी आपले बैल घालायला तयार होईना. तेव्हा चावडीवर मी छाती काढून म्हणालो, “मी नेतो. माझी जीप कशासाठी आहे?”

नंदी आणायच्या आधी एकदा चाचणी घ्यावी म्हणून ट्रेल्यात तेवढ्याच वजनाचे धोंडे भरले आणि टेकडीला लागलो. सखू चाकामागे लावायला मोठा दगड घेऊन मागून चालत होती. वळणापाशी पोचलो तोवर गिअरबॉक्सची किंकाळी सुरू झाली होती. जळक्या तेलाचा वास आला, पायाखालचा पत्रा चटके देऊ लागला आणि एकदम गिअर सुटला. ब्रेक दाबला तरी भरलेल्या ट्रेल्यानं जीपला मागे ओढलं. पाच-सहा हात आम्ही तसेच घसरलो आणि ट्रेला आडवा होऊन दरडीवर आपटला. मी उडी मारून मागे धावलो. सखू दरडीला टेकून बसली होती. तिचं कोपर सोलवटलं होतं, आणि ट्रेल्याचं चाक तिच्या पावलापासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

“मला काय न्हाई झालं,” ती म्हणाली. “तुमी बसा आधी. तुमचे हात बघा कसे कापाय लागलेत.”

ज्या हातांवर माझा एवढा भरवसा, ते खरंच थरथरत होते. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. गावात कुणी मला बोललं नाही, पण शब्द देऊन बसलो होतो. सहा दिवस मी जीपखाली पडून होतो. तेल बदललं, गिअर उघडून पाहिले, दोष सापडेना. मोकळी जीप सुरेख चालायची, आणि मागे वजन जोडलं की थोड्याच चढात गिअरबॉक्स तापून लाल व्हायचा. सातव्या दिवशी चाकणला कुणी जाणता कारागीर भेटतो का पाहावं म्हणून गेलो. ज्याच्याकडे गेलो तो लग्नाला गावाला गेलेला. मी बाजाराजवळच्या चिंचेखाली जीप लावली आणि नुसताच बसून राहिलो. मनात आलं, आता घरी जाऊन सखूला सांगावं, तुझा देव काही माझ्या हातून वर जायचा नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊ, गाडीची तब्येत बरी न्हाई वाटतं.”

पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खांद्याला हत्यारांची कातडी पिशवी. शेतातली इंजिनं आणि पंप दुरुस्त करत गावोगाव फिरतो, म्हणाला. जुन्नरला जाणाऱ्या मोटारीची सकाळपासून वाट पाहत होता. मी सगळी हकिगत सांगितली, ट्रेला कसा घसरला तेही. सखूचं पाऊल हातभरानं वाचलं तेही. म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली, पोतं अंथरलं आणि जीपखाली शिरला.

आमच्या जीपला गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून दुसरी एक पेटी असते. ती चारही चाकांना जोर वाटते. त्यानं गिअरबॉक्सचं बूच सैल केलं तर तेल भसकन बाहेर आलं, पाहिजे त्याहून कितीतरी जास्त. मग दुसऱ्या पेटीचं बूच काढलं. थेंबही पडला नाही.

“हे बघ,” तो म्हणाला. “एका घरात पूर आन् दुसऱ्यात दुष्काळ. दोघांच्या मधलं तेल अडवणारं बंधन झिजलंय. तापलं की इकडचं तेल तिकडं जातं. तू रोज एकाच पेटीत बघतोस आन् म्हणतोस, तेल भरपूर हाय.”

सहा दिवस मी खरोखर तेच करत होतो. नवीन भाग मिळायला मुंबई गाठावी लागली असती, आणि नंदी चार दिवसांत यायचा होता. म्हाताऱ्याला मी एव्हाना चाचा म्हणू लागलो होतो. चाचांनी जरा विचार केला आणि पिशवीतून तांब्याच्या नळीचा एक तुकडा काढला. एका पंपासाठी नेत होते, ती त्यांनी मला दिली. जवळच्या तांबटाच्या दुकानात बसून त्यांनी दोन्ही पेट्यांच्या तळाच्या बुचांना भोकं पाडली, नळी त्यांत पक्की बसवली आणि मध्ये तिला एक सैल वेटोळं दिलं. हादऱ्यांनी तुटू नये आणि वाऱ्यात राहून तेल थोडं निवावं म्हणून. आता दोन्हीकडे तेल सारखंच राहणार होतं. जीपच्या पोटाखाली वर्षानुवर्षं थापलेला चिखल मला खरवडायला लावला. धुराची नळी दुसऱ्या पेटीच्या अगदी जवळून जात होती, तिच्या आड डब्याचा पत्रा ठोकला. तोवर दुपार कलली होती, आणि जुन्नरची मोटार अजून आलेली नव्हती.

“आन् एक गोष्ट,” चाचा हात पुसत म्हणाले. “चढावर सारखी दामटू नको. मधी मधी थांब. उतरून पेटीवर हात ठेव आन् तुझ्या देवाचं नाव घे. अकरा वेळा घेता आलं तर पुढं चल. त्याच्या आत हात उचलावा लागला तर बस खाली, वाट बघ.”

मी ओशाळून म्हणालो, “चाचा, मला नाव घ्यायची सवय नाही.”

ते मोकळेपणानं हसले. “मग बरंच झालं की. गाडी शिकवील.”

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. मी हात जोडून म्हणालो, माझ्यापायी तुमचा दिवस गेला. मोटारीच्या पायरीवर चढता चढता ते म्हणाले, “मोटार उगाच थांबली नव्हती, बाबा. वरच्यानं थांबवली आसंल.” धुरळा बसला तेव्हा लक्षात आलं, मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. पुढे कितीतरी बाजारांना मी चौकशी केली. तसा कारागीर कुणी पाहिलेला नव्हता. मी त्यावर काही म्हणत नाही. घडलं तसं सांगतो.

नंदी आला तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तळेगावपासून इंद्रायणी ओलांडून गावापर्यंत जीप शांत चालली. वेशीवर हलगी आणि सनई उभीच होती. बायकांनी नंदीला हळद-कुंकू लावलं, ट्रेल्याला झेंडूच्या माळा बांधल्या. मी सखूला म्हणालो, “तू आज गाडीमागे यायचं नाहीस.”

“मागं कशाला? मी पुढं बसणार,” म्हणत ती पदर खोचून माझ्या शेजारी चढून बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या जीपमध्ये ती पहिल्यांदाच बसत होती. वेशीपासून देवळाकडे तोंड करून दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरलेली, आणि चेहरा लहान मुलीसारखा फुललेला.

पहिल्या थांब्याला मी खाली शिरून पेटीवर हात ठेवला. “ओम नमः शिवाय” चार वेळा झालं आणि हात पोळला. बसलो. एरवी माझा जीव वरखाली झाला असता. पण लोकांनी चाकांमागे दगड लावले, भाकऱ्या सोडल्या, कांदा फोडला. कुणीतरी हलगीवर ठेका धरला आणि म्हातारे पाटील स्वतः नाचायला लागले. दुसऱ्या थांब्याला सात वेळा झालं. पुन्हा बसलो. बायकांनी ओव्या म्हटल्या. असं थांबत, खात, गात आम्ही वळणाच्या तोंडाशी आलो. तिथे बराच वेळ विसावून मी पुन्हा हात ठेवला. पेटी कोमट होती, जित्या जनावराच्या अंगासारखी. अकरा झाले. मी हात काढला नाही. बारा, तेरा, वीस... डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलंच नाही. बाहेरून सखू ओरडली, “अहो, आत निजला का काय?” तेव्हा भानावर आलो.

वळण आलं तसं गेलं. गिअर जागचा हलला नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा गावानं असा काही जयजयकार केला की झाडावरचे पोपट उडाले. चाळीस हातांनी नंदी उतरवला आणि महादेवासमोर बसवला. गुरवानं पूजा केली आणि सखूला म्हणाला, “नवस तुमचा, वैनी. पहिलं मागणं तुमीच सांगा त्याच्या कानात.”

सखू वाकली, नंदीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली आणि हसत बाजूला झाली. उतरताना मी न राहवून विचारलं, “काय मागितलंस?”

“मागायचं काय? सगळं तर दिलंय,” ती म्हणाली. “त्याला म्हटलं, लांबून आलास, दमला असशील. बस आता निवांत.”

त्यानंतर मी दर सोमवारी तिच्याबरोबर टेकडी चढत आलो आहे. नंदीच्या कानाशी वाकतो, पण मागणं असं काही सुचत नाही. थोडा वेळ तसाच उभा राहतो, दगडाचा गारवा गालाला लागतो, आणि ज्यानं मला इथवर आणलं त्याच्या हवाली असल्याचं सुख मनात भरून राहतं. मग सखू पायरीवरून हाक मारते आणि आम्ही दोघं उतरायला लागतो.