अनशापोटी

सन एकोणीसशे शेहेचाळीस. मी चोवीस वर्षांचा. लढाई संपली तसं पलटणीनं घरी धाडलं, आणि औंधाच्या पूर्वेला आमच्या माळावरच्या गावात मी परत आलो. येऊन बघतो तर आईच्या हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली, गुडघे सुजून टम्म.

आमचं काम मेंढरांचं आणि घोंगड्यांचं. लोकरीचं सूत आई काढायची, मागावर बाप बसायचा. आईची मूठ मिटेना, म्हणून माग बंद पडला होता. बापानं ठरवून टाकलं होतं, डाग द्यायचा. आमच्याकडं बैल लंगडला की सांध्यावर तापली सळई टेकवायचे, तशीच माणसालाही. माझ्या आत्याच्या गुडघ्यावर तसे पाच डाग होते. गुडघा मात्र मरेपर्यंत दुखला. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी सळई तापवायची! मला त्याचा संताप आजही येतो.

पलटणीत असताना माझा खुबा धरला होता, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं ॲस्पिरिनच्या पांढऱ्या गोळ्या देऊन चार दिवसांत मला उभा केला होता. मी बापाला म्हणालो, "आबा, आठ दिस द्या मला. न्हाई गुण आला तर बोलवा तुमच्या सळईवाल्याला."

"आठ म्हंजी आठ," बाप म्हणाला. "नववा दिस माझा."

सर्व्हिस मोटारीनं कराड गाठलं. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि ॲस्पिरिनच्याच जातीचं पातळ औषध लिहून दिलं, सॅलिसिलेट म्हणून. कंपाउंडरनं बाटली भरली. बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी, एक खाच म्हणजे एक वेळ. वर इंग्रजीत दोन ओळी. त्यानं विचारलं, "वाचता येतं ना?"

मी मराठी चौथी. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण दवाखान्यात चार पांढरपेशे बसलेले, आणि माझ्या अंगावर पलटणीचा कोट. मी म्हणालो, "येतंय की."

चौथ्या दिवशी आईची मूठ मिटली. पाचव्या दिवशी तिनं वीतभर सूत काढलं आणि मला दाखवायला दारापर्यंत चालत आली. मी बापाकडं बघितलं. त्यानं उठून मागावरची धूळ झटकली.

सातव्या दिवशी आई पोट धरून बसली. छातीत आग, दोनदा ओकली. म्हणाली, "कानात रातकिडं वरडत्यात रं, दिसाउजेडी."

बाप उठला. "बास झालं इख. उद्या सकाळी सळईवाला येतोय."

"आबा, आठ म्हणाला हुता!"

"आठापत्तूर ही ऱ्हायली पायजे न्हवं?"

मी बाटली घेतली आणि तसाच कराडला गेलो. त्या डॉक्टरचं टेबलच उलथायचं असं मनात धरून गेलो होतो. बाटली त्याच्यापुढं आपटली. "माझ्या आईला काय पाजलंसा?"

डॉक्टरनं विचारलं, "औषध कधी घेते ती?"

"कोंबडं आरवलं की. मग दुपारी आणि दिवेलागणीला."

"काय खाऊन?"

"खाऊन? औषध अनशापोटीच घ्यायचं असतंय. वैदूनं कवा जेवणावर दिलंय व्हय? आणि घरातली बापयमाणसं जेवल्याबिगर ती तोंडात घास घालत न्हाई."

त्यानं बाटली फिरवली आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? पोटभर जेवणावर घ्यावे. कानात आवाज आला तर थांबावे."

आतून कंपाउंडर हसत बोलला, "मी इचारलं हुतं ह्यास्नी. फौजेतलं हाईत, इंग्रजी येतंय म्हणालं."

"आमचं इंग्रजी हुकमाचं," मी ओरडलो. "राईट टर्न म्हणा, वळतो. माझ्या आईचं प्वॉट जळणार हे मराठीत लिवाय तुमची शाई संपली हुती काय?"

अजूनही मला वाटतं, मी बोललो ते खरंच होतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी न वाचता येणारं लिहायचं, हा कुठला न्याय? पण मोटारीत बसल्यावर दुसरी गोष्टही कळली. "येत न्हाई" हे दोन शब्द मी गिळले होते, आणि त्यांची आग आईच्या पोटात पडली होती.

त्या दिवसापुरतं औषध बंद करून डॉक्टरनं ते निम्म्यावर आणलं होतं. दुसऱ्या दिवसापासून, आधी भाकरी, दूध, मगच औषध. मी म्हणालो होतो, "ती आधी जेवणार न्हाई." तो म्हणाला होता, "मग द्या डाग."

घरी येऊन सांगितलं तर बाप कडाडला. "माझ्या आधी बाई जेवणार? ह्या घरात?"

आईच म्हणाली, "नगं रं लेकरा, लोक त्वांडात शेण घालतील. त्यापरीस सळई बरी."

हे ऐकून जो राग आला, तो कुणावर काढायचा हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चूल पेटवली. शेळीचं दूध तापवलं, रात्रीची भाकरी त्यात कुस्करली आणि आईपुढं ठेवली. बाहेर अंगणात सळईवाला येऊन निखारे फुलवत होता, बाप त्याच्याशेजारी बसून दारातून आत बघत होता. आईची नजर सारखी त्याच्याकडं जात होती. मग मी बापाकडं पाठ करून दोघांच्या मधोमध बसलो, म्हणजे तिला तो दिसू नये. "खा," म्हणालो. अर्धी भाकरी पोटात गेल्यावर निम्मीच खाच औषध ओतून तिला पाजलं. मग पाण्याची घागर उचलली, अंगणात गेलो आणि सळईवाल्याच्या निखाऱ्यांवर उपडी केली.